नैवेद्याचा शॉट

"कट!" म्हणून सयाजी डुंबरे खुर्चीत मागे रेलला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

समोर पुण्याहून आणलेले नामवंत नट डोळ्यांतलं ग्लिसरीन पुसत होते. बायकोला स्मशानात पोचवून घरी परतलेला म्हातारा ओट्यावर बसून तिच्याशी बोलतो, असा प्रसंग होता. नट असे रडत होते, की बायको नव्हे, नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद गेलं असावं.

सिनेमाचा शेवट याच प्रसंगावर उभा होता. ओतूरच्या एस.टी. स्टँडमागे वाढलेल्या सयाजीने आजवर सहा सिनेमे काढले होते. सहाही सिनेमांत एक तमाशा, एक इन्स्पेक्टर आणि भावाला किडनी देणारी एक बहीण होती. सहाही जत्रेच्या तंबूंत तुडुंब चालले. यंदा, सत्त्याण्णव साली, त्याला पहिल्यांदाच मनासारखा सिनेमा काढायचा होता. यात किडनी नव्हती. शेवट जमला नाही तर काहीच नव्हतं.

शूटिंग चाललं होतं खोडदला, गावचे म्हातारे मानकरी रखमाजी यांच्या मळ्यात. कथा स्वातंत्र्याच्या आधीची, त्यामुळे कॅमेरा एकाच दिशेला तोंड करून असे. जरा वळला की आकाशाचं ऐकत बसलेल्या तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य थाळ्या चौकटीत येत.

"भाऊ," रखमाजी खुर्चीपाशी येऊन म्हणाले, "ह्यांला बसवा जरा सावलीला. मला बी एकदा बोलू द्या की."

"तुम्ही, बाबा?"

"का? थोबाड वंगाळ हाय व्हय? ह्यांची बायको तिकडं पुण्यात ठणठणीत हाय. माझी कुशाबाई तर खरंच गेली."

सयाजीने कॅमेरामन गोकुळकडे पाहिलं. "नैवेद्य," तो हळूच म्हणाला.

गोकुळने मान डोलावली. शूटिंग ज्या गावात, तिथल्या मानकऱ्याला सिनेमात यायचं असतंच. नाही म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी बैल मिळत नाहीत. रीळ तर सोन्याच्या भावाचं. मग कॅमेरा रिकामाच फिरवायचा. युनिटमध्ये याला नैवेद्य म्हणत: दाखवायचा, देव काही खात नाही. सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांचे नैवेद्य झाले होते. पुढे कोणी विचारलंच, तर 'एडिटरने कापलं' म्हणायचं. मराठी सिनेमाचे एडिटर खेडोपाडी त्यामुळेच फार बदनाम आहेत.

बघ्यांना रखमाजींनीच बांधापलीकडे हाकललं. "काय तमाशा लागलाय व्हय रं? निघा!"

शॉटआधी नटाच्या नाकापासून कॅमेऱ्यापर्यंत फीत धरून अंतर मोजायची रीत असते; रखमाजी ते रोज बघत. गोकुळने ती तसदी घेतली नाही. रखमाजींनी गुंडाळून ठेवलेल्या फितीकडे एकदा पाहिलं, मग ते ओट्यावर टेकले. कॅमेरा घरघरू लागला.

लिहून दिलेलं वाक्य होतं, 'तू गेलीस आणि माझ्या जीवनाचा दीप विझला.'

"कुशे," रखमाजी म्हणाले, "च्यात गूळ किती घालायचा, गं? सून इचारती. मी म्हणतो, आई घालायची तेवढा घाल. तिला कुठं ठावं? मला तरी कुठं ठावं? जल्मभर पेलो, कदी इचारलं न्हाई."

त्यांनी शेजारची ओट्यावरची धूळ हाताने पुसली. कॅमेरा घरघरत होता.

"तुझं लुगडं अजून माजघरात वलणीवर हाय. सून काढाया गेली, तर मी वरडलो. म्हनलं, राहू दे, वलं हाय. दोन वर्सं झाली, कुशे. रोज हात लावून बघतो अन् म्हणतो, वलं हाय."

सयाजी 'कट' म्हणायचं विसरला. गोकुळचा डोळा कॅमेऱ्यावर नव्हताच. तो उघड्या डोळ्यांनी रखमाजींकडे बघत होता आणि तोंड उपरण्याने पुसत होता. सयाजीने सहा सिनेमांत बाया-माणसांना पदर भिजेस्तोवर रडवलं होतं. आज त्याला जन्मभर हलवायाची मिठाई खाऊन पहिल्यांदाच ऊस खाल्ल्यासारखं झालं.

"गोकुळ, रीळ भर! आहे तेवढं सगळं भर!" तो ओरडला आणि धावतच ओट्यापाशी गेला. "बाबा, आणखी एकदा. जसंच्या तसं. माझ्या सिनेमाचा शेवट हाच. पडद्यावर पहिलं नाव तुमचं लावतो."

"न्हाई, भाऊ."

"अहो, असं काय करता? अख्खा महाराष्ट्र बघेल!"

"व्हय ना. तेच म्हणतो, न्हाई."

सयाजीपुढे आता एकच वाट उरली होती. त्याने वाकून म्हाताऱ्याचे पाय धरले.

"बाबा, चुकलो. फसवलं तुम्हाला. आत्ता कॅमेऱ्यात रीळच नव्हतं. तुम्ही बोललात ते कुठंच उमटलं नाही."

रखमाजींनी त्याला उठवलं. त्याच्या गुडघ्यांची माती स्वतःच्या हाताने झटकली.

"ठाऊक व्हतं, भाऊ," ते म्हणाले. "म्हणून तर बोललो."