पुढच्या गल्लीतला ठिपका

“ऐकून कोणाचा विश्वास बसायचा नाही मॅडम, पण चोराने समई पेटती नेली,” धाकू म्हणाला.

चारकोपच्या सोसायटीच्या ऑफिसात पुढच्या नि मागच्या, दोन्ही गल्ल्यांतली माणसं जमली होती. सबइन्स्पेक्टर मृणालिनीने प्रोजेक्टरने भिंतीवर नकाशा पाडला होता. नोंदवलेला प्रत्येक गुन्हा म्हणजे एक लाल ठिपका. जिकडे ठिपके जास्त, तिकडे संध्याकाळची गस्त. गाडी एकच, त्यामुळे दुसरी गल्ली कोरडी.

आजवर ती मागच्या गल्लीत, सुगंधाच्या दारावरून फिरायची. या महिन्यात मात्र दोन्हीकडचे ठिपके सारखे झाले होते. प्रश्न एका ठिपक्याचा होता.

पुढच्या गल्लीतल्या धाकूला गस्त हवी होती नातीसाठी. प्रांजल नर्सिंगच्या क्लासहून परतताना पुढच्या गल्लीत दोन बाइकवाले तिच्या मागे लागत. तक्रारीत नाव द्यायला ती तयार नव्हती. गस्त आली नाही तर क्लास बंद, असं तिच्या बापाने, निलेशने, सांगून टाकलं होतं.

“पेटती?” मॅडमनी विचारलं.

लाईट गेली होती, धाकूने सांगितलं. आपण गॅलरीत, आत कोणी नाही. चोराला जिना दिसेना, म्हणून समईच्याच उजेडात तो पायऱ्या उतरला. पितळेची समई, डोक्यावर मोर, मोराची चोच जराशी वाकडी. उजेड गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला. मध्येच वारा सुटला, तर पठ्ठ्याने वातींना हात आडवा धरला. चोर असला तरी वळण चांगलं होतं.

माणसं हसली. मॅडम हसल्या नाहीत.

“काका, तुम्ही ओरडला का नाहीत?”

“मला वाटलं, कोणाकडे आरती आहे.”

तेल कुठे सांडलं, चोर कुठे वळला, धाकूकडे सगळ्याची उत्तरं होती. निलेश मान खाली घालून मोबाइल बघत राहिला. मॅडमनी लॅपटॉपवर बोटं चालवली. पुढच्या गल्लीत नवा लाल ठिपका उमटला.

“ठीक आहे. उद्यापासून गाडी पुढच्या गल्लीत.”

धाकूने रुमालाने मान पुसली. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून सुगंधा उठली.

“अरे धाकू, खोटं कशाला बोलतोस? ती मोराची समई मी गणपतीत मागून नेली ना, ती अजून माझ्याच घरात होती. मॅडम, चोरी माझ्याकडे झाली. तो ठिपका उचला नि आमच्या गल्लीत ठेवा.”