खंडेनवमीचं कुंकू

चितेगावच्या ॲसिड कारखान्यात व्हॉल्व्हच्या सिरॅमिक अस्तराला चीर दिसली, की तपासणीवाले मुबारकभाई बाहेरून पक्क्या लाल रंगाचा ठिपका देत. तो व्हॉल्व्ह बाद. खंडेनवमीला फिटर सोमनाथनं त्यांच्या टेबलावरचे सातही नवे व्हॉल्व्ह पूजेत मांडले आणि मनोभावे प्रत्येकाला कुंकू लावलं. दसरा झाला आणि सातही ॲसिडच्या लायनीवर चढले.

"सोमनाथ, ॲसिड सोडलं रे!" मुबारकभाई ओरडले. "ते कुंकू पुसून घे, साहेब यायलेत."

"व्हय भाई, लगेच पुसतो."

शिडीवर चढून ओल्या फडक्यानं त्यानं एकेक व्हॉल्व्ह लख्ख केला. सातव्याच्या बरोबर खाली मुबारकभाई वर बघत उभे होते.

सातव्याचं कुंकू निघता निघेना.