कोरा चौकोन

“त्याचं रक्त घेऊ नका,” थोरली म्हणाली, तेव्हा नर्सने तिच्या मुलाच्या दंडाला रबरी पट्टी आवळलीसुद्धा होती.

नर्सने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. मुलगा मूठ आवळून बसला होता, तो तसाच बसून राहिला. चौतिसाव्या वर्षीही आईने आपल्या वतीने परस्पर बोलावं, याची त्याला सवय होती.

गल्लीतल्या सात घरांची तपासणी शाळेच्या एका रिकाम्या वर्गात चालली होती. सातही घरं एकाच भाऊकीतली, आणि सातही घरांत पुरुषाने चाळिशी ओलांडली की त्याचे हात कापायला लागत. आधी बोटं, मग मनगट, मग चमचा तोंडापर्यंत जाईना. थोरलीने सासऱ्यांना असं पाहिलं, नवऱ्याला स्वतःच्या हाताने भरवलं, आणि धाकट्या जावेवर तशीच वेळ आली तेव्हा तिला घास लहान करायला शिकवलं. बायकांना हा रोग नव्हता. लेकींना नव्हता, जावयांना नव्हता. फक्त मुलग्यांना. आमच्या रक्तातच आहे, असं गल्ली म्हणे, आणि जमीनजुमला वाट्याला आल्यासारखं थोडं तोऱ्यातच म्हणे.

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर एक मोठा कागद लावला होता. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, आणि हात कापणाऱ्याचा चौकोन काळा. थोरलीची शाळा दुसरीतच सुटलेली, पण हा कागद तिने एका नजरेत वाचला. काळे चौकोन वरून खाली उतरत तिच्या घरापर्यंत आले होते. सगळ्यात खालचा, तिच्या मुलाचा, तेवढा कोरा होता.

त्या कोऱ्या चौकोनापायीच सगळं अडलं होतं. समोरच्या शिंप्याची मुलगी त्याच्यासाठी तीन वर्षं थांबली होती. पोरगी कामसू, बोलायला गोड. थोरलीने नावं ठेवायला खूप शोधलं, पण तिच्या उंचीपलीकडे काही सापडेना. आणि सगळं ठरत आल्यावर मुलगाच नाही म्हणाला. का, ते सांगेना. थोरली काय ते समजली. पोराने बापाच्या रक्ताची धास्ती घेतली होती. धाकट्या जावेने ही गोष्ट गल्लीभर केली आणि वर पुस्ती जोडली की घाबरतो बिचारा, नाहीतरी आपल्यातला दिसतो कुठे?

हा टोमणा थोरलीने पोर लहान असताना किती तोंडांतून ऐकला होता, त्याला गणती नव्हती.

“तू जरा पाणी पिऊन ये, बाई,” तिने नर्सला सांगितलं. नर्स गेली. मुलगा उठू लागला, तर त्याला म्हणाली, “तू बस. तुझंच आहे.”

आणि तिने सांगून टाकलं. मान खाली घालून नाही. भांडताना बघायची तशी समोर बघत. तिचं मूल जन्मताच गेलं होतं. सुईणीने त्याच आठवड्यात दुसरं आणून दिलं, आई नसलेलं. नवऱ्याने एक अक्षर न बोलता ते कुशीत घेतलं आणि मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. पण मूल वाढू लागलं तशी माणसं त्याचं नाक-डोळे जुळवून बघायला लागली. मग थोरलीने त्याची शाळा सोडवली आणि भाऊकीचा धंदा चाले त्या भट्टीच्या खोलीत त्याला बापाशेजारी बसवला. इतरांचे मुलगे तिथे विसाव्या वर्षी बसत. याला तिने बाराव्या वर्षीच बसवला. शाळेसाठी तो दोन दिवस जेवला नाही, तरी ती बधली नाही. कसब बाहेर जाऊ नये म्हणून त्या खोलीत पोटच्या मुलाखेरीज कुणाला पाऊल टाकता येत नसे, जावयालाही नाही. तिथे बसला तो भाऊकीतला, विषय संपला. तोंडं बंद झाली.

“तेव्हा याचा चौकोन कोराच ठेवा,” ती म्हणाली. “याच्यात ते रक्तच नाही. लग्न कर, बाबा. पोरंबाळं होऊ देत. मला आई म्हणायचं की नाही, ते तुझं तू बघ.”

 तिने पदर खांद्यावर नीट ओढून घेतला.

 डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या खोलीत नेमकं काय चालतं, असं विचारलं. परवा डॉक्टरीणबाई ती खोली बघायला आल्या, तेव्हा थोरलीच दारात आडवी उभी राहिली होती. आज लपवायला उरलं होतं काय? मुलामा देतात, ती म्हणाली. सोनं पाऱ्यात कालवायचं, आरशांच्या चौकटींना, दिव्यांच्या दांड्यांना चोपडायचं आणि भट्टीवर धरायचं. पारा उडून जातो, सोनं राहतं. आचेला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद.

“पारा उडून कुठे जातो?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

थोरलीला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई हळूहळू बोलू लागल्या. रोग रक्तातून येतो की त्या वाफेतून, हे या गल्लीत वेगळं काढताच येत नव्हतं, कारण ज्याचं रक्त, तोच तिथे बसणार. “रक्ताचा नाही आणि तरी तिथे बसलाय, असा तुमचा मुलगा पहिलाच. तोही बावीस वर्षं. त्याचे हात स्थिर असतील, तर दोष रक्ताचा, आणि तो सुटला. पण कापत असतील, तर दोष त्या खोलीचा.”

“मग सुटलाच तो,” थोरली म्हणाली. कितीतरी वर्षांनी तिला हसू फुटलं. “दाखव रे, बाबा. मूठ उघड.”

त्याने उघडली नाही. दुसऱ्या हाताने ती घट्ट धरून ठेवली.

“आई,” तो म्हणाला, आणि त्या एका शब्दाने थोरलीला भरून आलं. “लग्नाला नाही म्हणालो, ते भीतीने नव्हे गं. गेल्या हिवाळ्यापासून माझे हात कापतायत.”