ऐकायचे धडे

“ते ऐकायचे-बिकायचे धडे तुमच्याकडेच ठेवा,” कोबाद दुकानदाराला म्हणाला. “मला पुस्तकं द्या. चांगली जाडजूड.”

इन्किलाब रस्त्यावरचं ते दुकान वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकांनी छतापर्यंत भरलं होतं. त्यासाठीच बापलेक सकाळच्या बसने झंजानहून तेहरानला आले होते. झंजानमध्ये कोबादचं चाकू-सुऱ्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला धार दाखवताना तो हमखास म्हणायचा, “आमची परस्तूही पातंच चालवणार आहे. पण माणसं वाचवायला!” ऐकून ऐकून सगळी गल्ली पोरीला डॉक्टरीणबाई म्हणायला लागली होती.

दुकानदाराने जीवशास्त्राचं एक जाड पुस्तक परस्तूपुढे सरकवलं. “उघडून बघ, पोरी. सरावाला याच्या तोडीचं दुसरं नाही.”

परस्तूने पुस्तक उघडलं. पानावरून हात फिरवला आणि मिटून ठेवलं.

“छान आहे. पण मला ऐकायचेच हवेत, बाबा. फोनमध्ये भरून देतात ते.”

“कानाने कोणी डॉक्टर झालंय का? कानात ती फोनची बोंडं घालून लोळायला बरं, असंच ना?”

“ऐकलेलं माझ्या लक्षात राहतं.”

“लहानपणी पुस्तकात डोकं खुपसून बसायचीस. जेवायला ओढून आणावं लागायचं. आता काय झालं?”

दुकानदार मध्ये पडला. “आगासाहेब, हल्लीची मुलं ऐकूनच शिकतात.”

“हल्लीची मुलं आळशी आहेत, म्हणून!” कोबादने सगळे विषय घेतले, सरावाचे संच घेतले. एक पिशवी तिच्या हातात दिली, दुसरी स्वतः उचलली.

बाहेर लख्ख ऊन होतं. कोबाद खुशीत होता. कबाब कुठे खायचा, पुस्तकांसाठी फळी कुठे ठोकायची, सगळं त्याचं ठरत होतं. तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. रस्त्याकडेच्या पाटात परस्तू गुडघाभर पाण्यात उभी होती. तिची पिशवी फाटून पुस्तकं पाण्यात पडली होती.

“डोळे फुटलेत का तुझे?” तो ओरडला. रागाच्या भरात कोणीही बोलून जातं, तसंच.

“हो, बाबा,” परस्तू म्हणाली.

उलट उत्तर देते म्हणून तो आणखी भडकणार होता. मग त्याने पाहिलं. जीवशास्त्राचं पुस्तक तिच्यासमोर तरंगत होतं आणि ती भलतीकडेच पाणी चाचपत होती.

कोबाद पाटाच्या काठावर मटकन बसला.

“कधीपासून?”

“हिवाळ्यापासून. आधी अक्षरं गेली. आता पायाखालचंही दिसेनासं झालंय. आई दवाखान्यात घेऊन गेली होती. इलाज नाही म्हणाले.”

“तुझ्या आईला माहीत आहे? आणि मला कोणी सांगितलं नाही?”

“आई कितीदा सांगायला बसली. तुम्ही आलात की डॉक्टरीणबाईचंच बोलणं सुरू. तिचं तोंड उघडेना. माझंही.”

कोबादने तिला हात धरून वर घेतलं. तिचा पाय रुमालाने पुसता पुसता तो एकदम उठला. “चल. परत जाऊ. ऐकायचेच धडे घेऊ, आहेत तेवढे सगळे घेऊ. तू ऐक, मी पुस्तकातून वाचून दाखवतो. अडखळत का होईना, वाचतो की मी! चल ना!”

परस्तूने त्याची बाही घट्ट धरली.

“राहू द्या, बाबा. न दिसणाऱ्या मुलीला वैद्यकीय कॉलेजात घेत नाहीत. माझं विचारून झालंय.”

त्याला काही उमगेना. “मग ते धडे कशाला मागत होतीस?”

परस्तूने त्याची बाही सोडली.

“तुम्ही संध्याकाळी घरी आलात की जोडे काढता काढता माझ्या दाराशी थांबता. आतून धड्यांचा आवाज येत राहिला असता, तर परीक्षेपर्यंतचं हे एक वर्ष तरी तुम्हाला काही कळलं नसतं.”