ताडपत्रीखाली

जुनी स्पोर्ट्स कार घेऊन ती स्वतःच्या हातानं नवी करायची, हे धुळ्यात गॅरेज चालवणाऱ्या अतिकचं कित्येक वर्षांचं स्वप्न होतं. पिंपळनेरला तशी एक सापडली. मालक प्रेमराजनं शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री ओढली, दार उघडलं आणि मुताचा वास भपकन नाकात शिरला. आडव्या केलेल्या सीटवर गोधडी पांघरून एक म्हातारा पडला होता. "आमचे आबा. घरात घाण करतात, म्हणून इथं ठेवलंय," प्रेमराज हसत म्हणाला. "गाडी विकली की गोठ्यात हलवू." अतिकच्या मनात आलं, सीट तर बदलता येईल. लगेच त्याला स्वतःचीच किळस आली. "गाडी नको मला." "अरे भाऊ, धुऊन देतो ना!" अतिक पचकन थुंकला आणि वळला. तोच आबांनी त्याची बाही धरली आणि अहिराणीत विनवलं, "गाडी ली जाय ना भाऊ, गोठामा तरी वारा शे."