कडक भाकरी

दाक्षायणीबाई दर महिन्याला सोलापुराहून लेकीला ज्वारीच्या कडक भाकरी धाडायच्या. लेक भुवनेश्वरी दिली होती मंगळूरला, नदी समुद्राला मिळते तिथं. जावई बंदरात नोकरीला. एकदा लेकीचा फोन आला.

"अव्वा, हितल्या ओल्या हवेनं दम लागतो गं. चार महिने तिकडं येऊ का?"

"भाकरी कशा राहतात?"

"कडकडीत राहतात की."

"मग हवा कशी वाईट? भाकरी टिकती तितं माणसाला काय होतंय?"

भुवनेश्वरीला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा बाई पहिल्यांदाच मंगळूरला गेल्या. सोबत भाकरी होत्याच. चौथ्या दिवशी डबा उघडला, तर सगळ्यांवर हिरवी बुरशी.

"दरवेळी असंच व्हायचं?"

ऑक्सिजन लावलेली लेक कसनुसं हसली.

"तू दोन-दोन दिवस चुलीपुढं बसायचीस, अव्वा. टाकून देते म्हणून कसं सांगू?"