टेपने जोडलेलं पान

दातांच्या दवाखान्यातला सर्व्हर कसाबसा चालू झाला आणि पासवर्ड मागून अडून बसला. संगणक दुरुस्त करायला आलेल्या माणसाने पासवर्ड अगदी जपून ठेवला होता, पण याच सर्व्हरमधल्या एका फाइलमध्ये.

मागच्याच महिन्यात रिसेप्शनवरच्या ताईंच्या वहीत त्याला हा पासवर्ड लिहिलेला दिसला होता. भरल्या खोलीत त्याने ते पान टराटरा फाडलं होतं. "पासवर्ड वहीत लिहितात का कुणी? उद्या घराची किल्ली दारालाच टांगाल." बसलेले सगळे पेशंट हसले होते. खाली मान घालून ताईही हसल्या होत्या.

आज आतल्या खुर्चीत एक आजोबा बधिर झालेला गाल धरून ताटकळले होते, त्यांचा एक्स-रे सर्व्हरमध्ये अडकला होता आणि डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा दारात येऊन गेल्या होत्या. त्याला मान वर करवेना.

ताई उठल्या. पर्समधून कागदाची एक घडी काढून त्यांनी हळूच कीबोर्डखाली सरकवली. तेच पान होतं. तुकड्याला तुकडा जुळवून टेपने चिकटवलेलं. त्याने पासवर्ड टाकला आणि पडदा उजळला.

"सापडला का हो पासवर्ड?" डॉक्टरीणबाईंनी दारातून विचारलं.

त्याने ताईंकडे पाहिलं.

"आठवला त्यांना," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पान गुपचूप पर्समध्ये ठेवून दिलं.

खोली आजही भरलेली होती. कोणीच हसलं नाही.